उष्टी हवा

कणकुंबीच्या अलीकडे, वळणावर,
तिसऱ्यांदा तिनं वाफ सोडली.
बुटकी, लाल, दोन दारं, दोनच सीटा,
गोव्याच्या एका हॉटेलवाल्यानं वैतागून विकलेली.
खडीचा ट्रक हळू झाला. काच खाली.
"बिसि आगैति?"
हौदु री, म्हटलं.
त्यानं कॅन दिला, मी ओढ्यावरून भरून आणला,
मलप्रभा तिथं अजून नदी झालेली नसते,
आणि गाडीनं तिला घटाघटा प्यायलं.

सोमवारी उद्यमबाग. किल्लेदारमामांची शेड.
जुना रेडिएटर पालथा पडलेला, तांब्या-पितळेचा,
चाळीस नळ्यांतल्या अकरा बुजलेल्या,
जाळीत उसाचं पाचट, तांबडी माती, एक आख्खं फुलपाखरू.
मी ताईची शिवणाची टेप नेली होती.
रुंदी बावीस, उंची साडेसोळा,
पंख्यापर्यंत जागा दोन इंच आणि एक बोट.
"पोलकं शिवायलास काय रे?" मामा म्हणाले.

पुण्याचा माणूस फोनवर गोड बोलत होता.
तीन रांगांचा घ्या सर, आरशासारखा, एकदम जर्मन.
मी मामांना सांगितलं: जर्मन आहे म्हणे.
मामा इतके हसले की पान सांडलं.
"जर्मनच की! आमच्या अम्मीचं भाताचं पातेलं
बी जर्मनच हुतं."

मग त्यांनी तीन बोटं एकामागं एक धरली,
माझ्या तोंडासमोर, आणि फुंकर मारायला लावली.
"पयल्या रांगेला ताजी हवा,
दुसरीला पयलीची उष्टी,
तिसरीला काय मिळायलंय? सांग की.
आणि जाळी बारीक घेतलास
तर जांबोटीपर्यंतच बुजतंय बघ.
पळताना गाडी तापत न्हाई, बाळा.
थांबल्यावर तापती."

दोन रांगा, मग. नळ्या रुंद. इंचाला बाराच पट्ट्या.
पुण्याचा फोन मी परत उचलला नाही,
त्याचा आवाज मात्र दोन दिवस कानात: आरशासारखा, सर.

जोडकाम भारती कम्मारनं केलं,
पॉलिटेक्निकची, बोलते कमी आणि कन्नडमध्ये.
ॲल्युमिनियमला डाख चालत नाही,
आर्गॉन लागतो, आणि तिचा न हलणारा हात.
हौदात बुडवून हवा भरली.
आम्ही चौघं पाण्याकडे बघत राहिलो,
चहावाला पोरगाही.
डाव्या कोपऱ्यातून एकच बुडबुडा आला.
खूप वेळानं दुसरा.
"अय्य," ती म्हणाली,
खडूनं गोल काढला आणि काच पुन्हा तोंडावर ओढली.

बाबा आठवले.
एकतीस वर्षं ॲल्युमिनियमच्या कारखान्यात,
आणि घरात आमटी मात्र पितळेत.
आंबट जर्मनला खातं, म्हणायचे.
आईला वाटे, हा कारखान्यावरचा राग.
परवा मामाही तेच म्हणाले, टोपण फिरवत:
"आता हिला नळाचं न्हाई, विहिरीचं न्हाई,
ओढ्याचं तर नावच काढू नकोस.
कूलंट, नि डिस्टिल्ड. न्हाईतर आतनं खातंय."
जुना बिचारा काहीही प्यायचा.
खानापुरात कुणीही त्याला डाखून द्यायचं,
भांड्यांना कल्हई करणारासुद्धा.
तो मी भंगारात घातला नाही. तांब्याला भाव आहे, तरी.

परत येताना रेल्वेचं गेट पडलेलं.
मालगाडी, डबे मोजता मोजता चुकलो.
काटा वर सरकला. अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या थोडा पुढे.
मी इंजिन बंद केलं नाही.
पंखा लागला: धडधड, आणि मग घोगरा, एकसुरी.
स्कूटरवरचे एक काका पाय आखडून म्हणाले,
"पायावर केवढी झळ मारायलीय हो तुमची गाडी!"
मारू दे काका, मी म्हटलं,
बाहेर टाकायलीय.

काटा थबकला. खाली आला का, नीट दिसेना,
उन्हं काचेवर होती.
शेजारच्या सीटवर हिरव्या कूलंटचा पाच लिटरचा कॅन,
पट्टा लावून बसवलेला.
आता दुसऱ्या कुणाला जागा नाही.
चोर्ल्याला जायचं आहे. रविवारी, बहुतेक.
ओढ्याशी थांबेन.
पाणी मीच पिईन.